थकलेले पाय आणि शिकलेले हात



आजच्या पाठाचा विषय आहे पाय चेपणे. विषय वाचून काही जण हसतील. "यात शिकायचं काय?" असंही कुणी म्हणेल. आजोबा संध्याकाळी बाजेवर आडवे झाले की नातवाला हाक मारतात, "ये रे, जरा पाय चेप." नातू चेपतो आणि खेळायला पळतो. त्याला ना पुस्तक लागतं, ना परीक्षा.

पण हेच काम थायलंडमध्ये शाळेत शिकवलं जातं. तिथल्या एका मंदिरात त्याची माहिती दगडात कोरून ठेवलेली आहे. २०१९ साली तर युनेस्कोने त्याचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. अमूर्त वारसा म्हणजे किल्ल्यासारखा डोळ्यांना दिसणारा नव्हे, तर माणसांच्या हातात, गळ्यात, आठवणीत राहणारा वारसा. एकच काम, पण एका ठिकाणी ती विद्या आणि दुसऱ्या ठिकाणी ते किरकोळ काम. असं का होतं, हे आज आपण समजून घेऊ.

आधी पाय समजून घेऊ

आपलं केंदूर हे संत कान्होराज पाठक यांचं गाव. आळंदी आणि देहू दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. त्यामुळे वारी म्हणजे काय, हे इथल्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. तुकाराम महाराजांची पालखी पुण्याहून निघते, लोणी काळभोरला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात यवतला येते. हा टप्पा साधारण २५ किलोमीटरचा. यवतला वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी असते, ती सगळ्यांना माहीत आहे. पण पंगत उठल्यावर काय चालतं, तिकडे आपलं लक्ष जात नाही. मुक्कामाच्या गावांत कुणी कोमट पाणी घेऊन बसलेलं असतं, कुणी तेलाची बाटली. कॉलेजची पोरं, डॉक्टर, गावातली मंडळी वारकऱ्यांचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसतात. नाभिक बांधव दाढी-कटिंग करून देतात, डोक्याची मालिश करतात. चर्मकार बांधव तुटलेल्या चपला शिवून देतात. कुणी पैसे घेत नाही. याला आता 'चरणसेवा' म्हणतात.

आता एक गणित करा. एक पाऊल ५० सेंटिमीटरचं धरलं, तर २५ किलोमीटरला किती पावलं होतील? उत्तर आहे ५० हजार. आणि देहू-आळंदीपासून पंढरपूरपर्यंतची वाट साधारण २५० किलोमीटर धरली, तर ५ लाख पावलं! म्हाताऱ्या माणसाची पावलं आणखी छोटी, म्हणजे आकडा आणखी मोठा.

हा भार कोण उचलतं? माणसाच्या एका पावलात २६ हाडं असतात. दोन पावलांत ५२. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण २०६ हाडं, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा हाडं एकट्या पावलांत! आणि पोटरीचं काम तर फार मोठं आहे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात तेव्हा ते पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. म्हणून पोटरीला शरीराचं दुसरं हृदय म्हणतात. दिवसभर चालल्यावर हे स्नायू ताठतात, पावलं सुजतात, तळवे जळजळतात. अशा वेळी कुणी हलक्या हाताने पाय चोळले की ताठलेले स्नायू सैल होतात आणि माणसाला शांत झोप लागते. दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा चालायचं असतं ना!

भिंतीवरचं पुस्तक

आता थोडं लांब जाऊ. थायलंडची राजधानी बँकॉक. तिथे वाट फो नावाचं मोठं बौद्ध मंदिर आहे. थाई भाषेत 'वाट' म्हणजे मंदिर किंवा विहार. या मंदिरात आडव्या झालेल्या बुद्धाची ४६ मीटर लांबीची सोनेरी मूर्ती आहे. तिच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावाने १०८ मंगलचिन्हं काढलेली आहेत. लोक मूर्तीचा चेहरा पाहतात आणि मग चालत चालत पायांशी येऊन थांबतात.

तिसरे राम या राजाने १८३१ ते १८४१ या काळात या मंदिरात अनेक शिलालेख बसवून घेतले. त्यांत औषधं, आरोग्य, काव्य, इतिहास असे कितीतरी विषय आहेत. मालिशीचे लेखही आहेत. माणसाच्या शरीराची आकृती काढून, कुठल्या जागी दाबायचं आणि तो दाब कुठल्या दुखण्यासाठी, ते दाखवलं आहे. त्या काळात छापील पुस्तकं सामान्य माणसाला मिळत नव्हती. जाणता माणूस गेला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर जायची. तसं होऊ नये म्हणून सगळं ज्ञान मंदिरात, सर्वांना वाचता येईल असं उघडं मांडून ठेवलं. पुढे १९५५ साली याच मंदिरात पारंपरिक वैद्यकाची शाळा सुरू झाली. आज तिथे जगभरातून लोक मालिश शिकायला येतात. मंदिराच्या आवारातच मालिश करून घेण्याचीही सोय आहे. हिंडून दमलेला प्रवासी तिथे जाऊन पाय दाबून घेतो.

थाई लोक या विद्येचा आद्य गुरू कुणाला मानतात, माहीत आहे? जीवकाला! जीवक म्हणजे राजगृहाचा, गौतम बुद्धांवर उपचार करणारा वैद्य. आपल्याकडच्या माणसाचं नाव तिथले मालिश करणारे आजही कामाला लागण्याआधी हात जोडून घेतात.

थाई मालिश कशी असते?

'थाई मसाज' हा शब्द ऐकला की आपल्याकडे मोठी माणसंसुद्धा गालातल्या गालात हसतात. शहरातल्या काही पाट्यांनी आणि बातम्यांनी हा शब्द बदनाम केला आहे. खरी पद्धत मात्र अगदी साधी आहे. तिला थाई भाषेत 'नुअद थाई' म्हणतात.

माणूस जमिनीवरच्या गादीवर, अंगात सैल कपडे घालूनच झोपतो. तेल सहसा लावत नाहीत. मालिश करणारा आपला अंगठा, तळहात, कोपर, गुडघा आणि कधी पाऊलही वापरतो. नुसत्या मनगटाच्या जोरावर दाबत नाही, आपल्या शरीराचं वजन हळूहळू पुढे टाकतो. शरीरात 'सेन' नावाच्या वाटा आहेत आणि त्यांतल्या दहा मुख्य, असं त्यांची परंपरा मानते. आजच्या शरीरशास्त्रात अशा वाटा सापडत नाहीत, पण त्या कल्पनेमुळे हात कुठून कुठे न्यायचा याचा क्रम पक्का झाला. दाबून झालं की हातपाय ताणतात, वळवतात, योगासनांत ताणतो तसे.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. थायलंडमध्ये डोकं पवित्र आणि पाय सगळ्यांत खालचे मानतात. कुणाकडे पाय करून बसणं तिथे उद्धटपणाचं समजतात. आपल्याकडेही चुकून कुणाला पाय लागला की आपण लगेच नमस्कार करतो. तरीही त्यांची पारंपरिक मालिश सुरू होते ती पायांपासूनच.

तुमच्या ओळखीचं कुणी थायलंडला निघालं असेल तर त्यांना एवढं सांगा : मालिश शिकवणाऱ्या शाळेची किंवा रीतसर परवाना असलेली जागा निवडा, भरपेट जेवून लगेच जाऊ नका, आपलं दुखणं-खुपणं आधी सांगा आणि दाब जास्त झाला तर गप्प राहू नका.

आपली विद्या कुठे गेली?

आपल्याकडे ही विद्या नव्हती असं मुळीच नाही. संस्कृतात तिला संवाहन म्हणतात. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात संवाहक नावाचं एक पात्रच आहे. तो अंग चेपण्याचं काम करणारा, मूळचा पाटलीपुत्राचा, उज्जयिनीला आलेला. तो वसंतसेनेला सांगतो की ही गोष्ट मी कला म्हणून शिकलो होतो, आता ती पोटापाण्याचा धंदा होऊन बसली आहे. पुढे तो बौद्ध भिक्षू होतो. नाटकाला दीड हजार वर्षांच्या आसपास झाली असतील, पण त्याची खंत आजही तशीच लागू पडते.

आपली मराठी भाषाच बघा ना. चेपणे, दाबणे, चोळणे, रगडणे, मळणे, तिंबणे. प्रत्येक शब्दात हाताची हालचाल वेगळी. पाय चेपतात, कपाळ चोळतात, पैलवानाचं अंग रगडतात. ज्या भाषेत एका कामाला इतके शब्द, त्या भाषेच्या माणसांना ते काम चांगलंच येत असणार!

मग ही विद्या होती कुणाजवळ? बाळाला पायांवर आडवं घेऊन तेल लावणाऱ्या बाईजवळ. तालमीतल्या वस्तादाजवळ. बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या न्हाव्याजवळ. घरातल्या आजीजवळ. यांतल्या कुणालाही आपण 'शिकलेला' म्हटलं नाही. काम करून घेतलं, सुपात धान्य टाकलं, पण त्याला विद्या म्हणून मान दिला नाही. जो पायाला हात लावतो तो खालचा, असं आपण ठरवून टाकलं. मान नाही म्हणून कुणी लिहून ठेवलं नाही, आणि लिहून ठेवलं नाही म्हणून पुढच्या पिढीने शिकून घेतलं नाही. थायलंड आणि आपल्यातला फरक हाताच्या कसबाचा नाही, त्या कसबाकडे बघण्याचा आहे.

आणि वारीत काय होतं, ते आठवा. तिथे डॉक्टर होणारा मुलगा अनोळखी शेतकऱ्याचा पाय मांडीवर घेतो. त्याला कमीपणा वाटत नाही, उलट आपण भाग्यवान असं वाटतं. वर्षातले काही दिवस जी गोष्ट सेवा असते, ती उरलेले दिवस हलकी का व्हावी? हा प्रश्न मी चौथीच्या वर्गात विचारला. एक मुलगी पटकन म्हणाली, "गुरुजी, माझी आजी बाळांना तेल लावायला जाते, तिला पण सर्टिफिकेट मिळायला पाहिजे." वर्ग हसला नाही. सगळ्यांना ते पटलं होतं.

आपल्या शेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचं, हेच तिथलं सूत्र. शाळा सुटलेली मुलंही तिथे शिकून आपल्या पायावर उभी राहिली. हाताचं काम हे शिक्षणच आहे, हे शिकायला आपल्याला बँकॉकपर्यंत जायची गरज नाही.

पाय चेपायची साधी रीत

१. आधी विचारा, "पाय चेपू का?" हो म्हटल्यावरच हात लावा.
२. पाय कोमट पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पाणी आपल्या हाताने तपासून घ्या.
३. तळहातावर थोडंसं खोबरेल किंवा तिळाचं तेल घ्या.
४. तळव्यापासून सुरुवात करा. अंगठ्याने टाचेकडून बोटांकडे हळूहळू दाबत जा. मग एकेक बोट चोळा.
५. पोटरी खालून वर, घोट्याकडून गुडघ्याकडे चोळा. नडगीच्या हाडावर जोर देऊ नका.
६. एका पायाला पाच ते दहा मिनिटं पुरतात. मध्ये विचारत राहा, "जोर जास्त होतोय का?"

केव्हा चेपायचे नाहीत?

एकच पाय अचानक सुजला असेल, लाल किंवा गरम लागत असेल, पोटरी फार दुखत असेल, तर मुळीच चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, लगेच दवाखान्यात न्या. हाड मोडल्याची शंका, जखम, ताप, फुगलेल्या शिरा असतील तर चोळू नका. फोड आला असेल तर तो फोडू नका. मधुमेह असलेल्या माणसाला कधी कधी तळपायाची संवेदना राहत नाही. त्यांचे तळवे आधी नीट बघा, कुठे जखम आहे का ते पाहा. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश करून घेऊ नये. आणि कुणाचीही मान किंवा कंबर कडकन मोडू नका.

स्पर्शाचा नियम

मुलांनो, हे नीट ऐका. पाय चेपणं हे प्रेमाचं काम आहे, ते जबरदस्तीने होत नाही. कुणी चेपायला सांगितलं आणि तुम्हाला नको वाटलं, तर "नाही" म्हणा आणि घरी आईला सांगा. शाळेत कुठल्याही शिक्षकाने मुलांकडून पाय चेपून घेऊ नयेत. गुरूची सेवा म्हणजे मन लावून केलेला अभ्यास.

स्वाध्याय

१. पावलातली हाडं आणि शरीरातली एकूण हाडं यांचं गुणोत्तर काढा.
२. आपल्या पावलाचं अंतर मोजा. घरापासून शाळेपर्यंत किती पावलं होतात, ते काढा.
३. चेपणे, चोळणे, रगडणे, तिंबणे या शब्दांचा वाक्यात उपयोग करा.
४. गावातल्या बाळांना तेल लावणाऱ्या आजी, तालमीतले वस्ताद किंवा केशकर्तनालयातले काका यांना भेटा. त्यांना तीन प्रश्न विचारा : हे काम तुम्ही कुणाकडून शिकलात? हात कसा फिरवायचा? कुठे दाबायचं नाही? ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. वरती त्यांचं नाव लिहा आणि नावाआधी 'गुरू' हा शब्द लिहायला विसरू नका.