पाढ्याची फोड आणि गुणाकाराची समज

तिसरी-चौथीच्या वर्गात पाढे सुरू झाले की मुलांना एक ठेका सापडतो. त्या ठेक्यात अवघड पाढेही सहज म्हटले जातात. परंतु एखाद्या मुलास मध्येच थांबवून ‘बारा साते किती?’ असे विचारले, तर ते ‘बारा एके बारा’पासून पुन्हा आरंभ करते, आणि वाटेत एक पायरी निसटली तर गप्प उभे राहते. पाठांतर उपयुक्त आहे, याविषयी दुमत नाही. मात्र ज्या मुलाजवळ पाठांतराखेरीज दुसरे साधन नाही, त्याचा पाढा तुटला की गणितच तुटते.

हे दुसरे साधन म्हणजे संख्येची फोड करून गुणणे. गणितात यालाच वितरण गुणधर्म म्हणतात. तो शिकविण्यास चिंचोके पुरेसे आहेत. बारा-बारा चिंचोक्यांच्या सात ओळी मांडाव्यात आणि प्रत्येक ओळीत दहा चिंचोके डावीकडे राहतील अशी एक काडी उभी ठेवावी. डावीकडे दहा साते सत्तर, उजवीकडे दोन साते चौदा, एकूण ८४. आता काडी मुलाच्या हाती द्यावी. त्याने ती सहाव्या चिंचोक्यानंतर ठेवली तर ४२ आणि ४२, पाचव्यानंतर ठेवली तर ३५ आणि ४९. काडी कोठेही सरकली तरी चिंचोके तितकेच राहतात, हे मुलास स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे. नियमाचे नाव त्यानंतर सांगितले तरी चालते. किंबहुना नंतरच सांगावे.

ही रीत परकी वा नवी नाही. भास्कराचार्यांच्या इसवी सन ११५० मधील ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे. तेथे १२ चे ८ आणि ४ असे दोन भाग करून १०८० आणि ५४० यांची बेरीज १६२० काढली आहे. तसेच १२ ऐवजी २० ने गुणून, म्हणजे २७००, त्यातून आठपट १०८० वजा करण्याची वाटही दाखविली आहे. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याची नोंद चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील शिलालेखात आहे.

वजाबाकीची ही वाट मराठी मुलास तर भाषेतच मिळते. ‘एकोणीस’ म्हणजे एक उणे वीस. म्हणून एकोणीस सक काढताना वीस सक एकशे वीस, त्यातून सहा वजा, ११४. एकोणपन्नासची आठपट म्हणजे चारशेला आठ कमी, ३९२. हा आधार एकोणऐंशीपर्यंत नक्की टिकतो; नव्व्याण्णव हे नाव मात्र वेगळ्या घडणीचे आहे. उलटपक्षी, ‘सत्तावन्न’ या शब्दात पन्नास आणि सात स्पष्ट ऐकू येत नाहीत. अशा संख्यांच्या बाबतीत गुणाकारापूर्वी फोड तोंडी म्हणवून घेणे आवश्यक ठरते. ही अडचण मुलाच्या बुद्धीची नसून शब्दाची आहे, हे शिक्षकांनी ध्यानी घ्यावे.

दोन अंकी गुणाकारात चुका अधिक होतात. २३ गुणिले १४ करताना पुष्कळ मुले वीस दाहे दोनशे आणि तीन चोक बारा मिळवून २१२ लिहितात. उत्तरावर फुली मारून येथे काहीच साधत नाही. शाळेच्या फरशीवर २३ घरे लांब व १४ घरे रुंद असा आयत खडूने आखावा आणि त्याचे दशक-एककांप्रमाणे चार तुकडे करावेत: २००, ३०, ८० आणि १२. मुलाने दोनच तुकडे मोजले होते. राहिलेले ३० आणि ८० त्याला स्वतःच सापडतात आणि उत्तर ३२२ येते. नेहमीच्या उभ्या मांडणीत दुसऱ्या ओळीत एक घर सोडून का लिहावयाचे, याचा उलगडाही येथेच होतो. ती ओळ २३ ची नसून २३० ची असते.

प्राथमिक इयत्तांतील पायाभूत संख्याज्ञानासाठी २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झाले. अशा उपक्रमांत शाळेची पाहणी बहुधा पाढे म्हणवून घेण्यावर थांबते. ग्रामपंचायतीस शाळेच्या ओट्यावर चौकटींचा कायमचा तक्ता रंगवून देता येईल. त्यास फारसा खर्च नाही. केंद्रप्रमुख वा विस्तार अधिकारी यांनी भेटीच्या वेळी पाढ्याबरोबर एक जादा प्रश्न विचारावा: पंचवीस चोक शंभर, तर चोवीस चोक किती, आणि ते कसे काढले?