अद्भुताचे अल्पत्व आणि पात्रवर्गाची निवड

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारखे टेबलाभोवती बसून खेळले जाणारे कथाखेळ वाङ्मयाभ्यासाच्या कक्षेत घ्यावेत की नाही, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. एवढे मात्र खरे की, या खेळांत संहिता आधी लिहिलेली नसते. ती बैठकीत घडत जाते. एक सूत्रधार कल्पित जग उभे करतो, प्रत्येक खेळाडू एकेका पात्राच्या वतीने बोलतो व कृती करतो आणि जेथे फलित संदिग्ध असेल तेथे फासे निर्णय देतात. कथेचे पहिले वाक्य उच्चारले जाण्यापूर्वी खेळाडूला एक निवड करावी लागते : आपले पात्र कोणत्या वर्गातले? योद्धा, चोर, मांत्रिक की आणखी कोणी? ज्या कथेत जादू अल्प ठेवायची असे ठरले आहे, त्या कथेत ही निवड कोणत्या निकषावर करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘वर्ग’ या संज्ञेविषयी प्रथम थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. आपल्याकडील नायकभेद (धीरोदात्त, धीरललित इत्यादी) स्वभावावर आधारलेले आहेत. कथाखेळातील वर्ग स्वभावाविषयी जवळजवळ मौन पाळतो. पात्र काय करू शकते, एवढेच तो सांगतो. व्लादिमीर प्रॉप याने १९२८ मध्ये रशियन लोककथांच्या संदर्भात मांडलेली ‘कार्यक्षेत्रा’ची कल्पना त्याला अधिक जवळची आहे. म्हणूनच ‘सर्वांत प्रबळ वर्ग कोणता?’ हा खेळाडूंचा नेहमीचा प्रश्न अपुरा ठरतो. जादू वजा केल्यावर कोणते कार्य अनाथ होते आणि ते कोण उचलणार, हा खरा प्रश्न होय.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या मूळ खेळात तीनच वर्ग होते : योद्धा, मांत्रिक आणि क्लेरिक, म्हणजे दैवी शक्तीने उपचार करणारा धर्मसेवक. चोर १९७५ च्या पुरवणीत आला. गायगॅक्सने १९७९ मध्ये आपल्या प्रेरणास्रोतांची जी यादी दिली, तीत रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर आणि जॅक व्हॅन्स ही नावे आहेत. हॉवर्डच्या कॉनन-कथांत (पहिली १९३२) नायकाच्या हाती तलवार असते. जादू बहुधा प्रतिपक्षाकडे असते आणि ती भयावह असते. खेळाने मात्र ही परकी शक्ती खेळाडूच्या स्वाधीन केली. तिला आवर घालण्यासाठी व्हॅन्सच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) मधील संकेत उचलला : मंत्र एकदा उच्चारला की तो स्मृतीतून नाहीसा होतो. प्रारंभीच्या मांत्रिकाला दिवसाकाठी एकच मंत्र मिळे, प्रारंभीच्या क्लेरिकला एकही नाही. मूळ संहिता निदान आरंभी तरी अल्पजादूचीच होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हे चित्र पालटलेले दिसते. बारा वर्गांपैकी फायटर, बार्बेरियन, चोर (म्हणजे ‘रोग’) आणि माँक हे चारच वर्ग मूलतः मंत्रविरहित आहेत. पहिल्या पायरीवरचा मांत्रिकही काही छोटे मंत्र दिवसभरात कितीही वेळा वापरू शकतो.

या चारांत माझ्या मते चोराचा लाभ सर्वाधिक आहे. एरवी कुलूप उघडण्याचा आणि अदृश्य होण्याचा मंत्र असलेला सहकारी त्याचे काम हिरावून घेतो. जादू ओसरली की त्याच्या हस्तकौशल्याला मूळची किंमत परत मिळते. बार्बेरियनची बारा बाजूंच्या फाशाची प्राणशक्ती आणि क्रोधावस्थेत शस्त्राचा आघात निम्मा करण्याची क्षमता उपचारांच्या अभावी अनमोल ठरते. फायटर स्वतःचा दम स्वतः सावरू शकतो. माँकविषयी मात्र सावध राहावे. सहाव्या पायरीपासून त्याचे मुष्टिप्रहार नियमानुसार जादूयुक्त मानले जातात. म्हणजे ज्याला आपण निर्जादू समजून प्रवेश दिला, तोच अद्भुताचा छुपा वाहक निघतो.

अनाथ होणारे सर्वांत मोठे कार्य उपचाराचे. क्लेरिक गेला की जखम ही जखमच राहते. त्याच आवृत्तीत पूर्ण रात्रीच्या विश्रांतीने सारी प्राणशक्ती परत येते, ही सवलत अल्पजादूच्या गांभीर्याला मारक आहे. सूत्रधाराने ती आखडती घेणे बरे. ‘हीलर’ हे ऐच्छिक कौशल्य घेतले, तर कोणताही योद्धा औषधांच्या पेटीनिशी वैद्य होऊ शकतो. टॉल्किनच्या विश्वावर आधारित ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन मिडल-अर्थ’ (२०१६) या ग्रंथाने याहून मूलगामी उपाय केला. त्याने मंत्रधारी वर्ग वगळले आणि उपचाराचे काम ‘स्कॉलर’ या विद्वानाकडे सोपवले. दैवी कृपेची जागा ज्ञानाने घेतली.

तरीही एखादा खेळाडू मांत्रिकाचा आग्रह धरतोच. ‘जगात मांत्रिक दुर्मीळ असतील, पण मी त्या दुर्मिळांपैकी एक’ हा त्याचा युक्तिवाद वरकरणी निर्दोष आहे. परंतु जगातील दुर्मिळता आणि कथनातील दुर्मिळता या दोन भिन्न गोष्टी आहेत. राज्यात एकच मांत्रिक असला, तरी तो प्रत्येक बैठकीला टेबलापाशी हजर असेल, तर श्रोत्यांच्या लेखी जादू ही नित्याचीच बाब होते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये टॉल्किनने गॅन्डाल्फला मोरियाच्या खाणीत गमावून प्रवासी मंडळींना दीर्घकाळ त्याच्याविना चालवले. कादंबरीकाराला हे शक्य असते. सूत्रधार जिवंत खेळाडूला असा महिनोन्‌महिने घरी बसवू शकत नाही. तेव्हा मांत्रिक हे पात्र सूत्रधाराच्याच हाती राहावे, हे उत्तम.

अशी वजाबाकी करता करता सर्वच पात्रे शस्त्रधारी उरली, तर वैविध्य कोठून यावे, हा आक्षेप रास्त आहे. ग्रेग स्टॅफर्डचा ‘पेन्ड्रॅगन’ (१९८५) हा आर्थरकथांवरील खेळ येथे पाहण्याजोगा आहे. त्यात सारे खेळाडू सरदारच असतात. वर्गाची निवड जवळपास उरतच नाही. भेद पडतो तो परस्परविरोधी गुणांच्या तेरा जोड्यांनी. प्रत्येक जोडीची बेरीज वीस : ज्याची दया पंधरा, त्याचे क्रौर्य पाच. शरण आलेला शत्रू समोर गुडघे टेकून असतो आणि त्याला सोडावे की मारावे, हे कधी कधी खेळाडूच्या इच्छेवर नव्हे, तर त्या आकड्यावर टाकलेल्या फाशावर ठरते.