विहीर एकट्याची नसते

दुष्काळी तालुक्यांतल्या गावांबरोबर बसून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, हे माझं काम. शेती, वीज, यंत्रं, अनुदानं, भाऊबंदकी असं सगळंच त्या कागदावर येतं आणि एकाला हात लावला की दुसरं हलतं. हे काम करताना पक्क्या झालेल्या काही गोष्टी इथे लिहिते.

१. आधी शिल्लक मोजावी, उपायाचं नंतर बघावं.

हेक्टरभर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं. हजार हेक्टरच्या शिवारात वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस धरला तर ते होतं ४०० कोटी लिटर. आकडा ऐकून माणसं खूश होतात. पण आपल्या काळ्या कातळात त्यातला साधारण दहावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी, मुरतो. म्हणजे ४० कोटी. पाटपाण्यावरचा एक हेक्टर ऊस वर्षाला दोन-अडीच कोटी लिटर पितो. अख्ख्या गावाचं मुरलेलं पाणी वीसेक हेक्टर उसात संपतं. माणसं, जनावरं, ज्वारी, कांदा अजून बाकीच! हा हिशेब फळ्यावर मांडला की नवा बंधारा कुठे घालायचा ही चर्चा आपोआप थांबते आणि पाणी जातंय कुठे, यावर माणसं बोलू लागतात.

२. वाचलेलं पाणी पुढे कुठे गेलं, हे विचारल्याशिवाय बचत मानू नये.

ठिबक उत्तम आहे, पीक सुधारतं, मजुरी वाचते. पण ठिबक आल्यावर शेतकरी तेवढ्याच पाण्यात दोनाऐवजी चार एकर भिजवतो, आणि त्यानं तसं का करू नये? शिवाय पाटानं दिलेल्या पाण्यातलं थोडं मुरून पुन्हा विहिरीत येत होतं, तेही थांबतं. इंग्लंडमध्येही वाफेची इंजिनं काटकसरी झाली आणि कोळशाचा खप वाढला, हे अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणून ठिबकचं अनुदान आणि पिकाखालच्या क्षेत्राची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकत्रच ठरायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

३. प्रत्येक जण शहाणपणानं वागतो आणि गाव तोट्यात जातं.

हे समजून घ्यायला डीपीजवळ, म्हणजे विजेच्या रोहित्राजवळ जावं. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्री येते, वेळेचा भरवसा नसतो. अंधारात साप-विंचवाच्या वाटेनं कोण जाणार? म्हणून प्रत्येकानं मोटारीला ऑटो स्विच बसवलेला. लाईट आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, व्होल्टेज कोसळतं, मोटारी जास्त करंट ओढतात, तापतात, जळतात. मग शेतकरी मोटार रिवाइंडिंगला टाकतो आणि वैतागून पाचच्या जागी साडेसात एचपीची बसवतो. डीपीवरचा भार आणखी वाढतो आणि एक दिवस डीपीच जळते. ती बदलेपर्यंत पिकं सुकतात. त्यामुळे लाईट परत आल्यावर कुणीही मोटार बंद करायला धजत नाही. विहीर तळाला जाईस्तोवर उपसा चालतो.

यात गुन्हेगार शोधत बसलात तर कुणीही सापडणार नाही. वायरमन, शेतकरी, दुकानदार, सगळे आपापल्या जागी बरोबर असतात. चूक मांडणीत आहे. पाळ्या लावल्या तर हे चक्र सैल होतं, पण पाळ्या पाळायला शेजाऱ्यावर विश्वास लागतो आणि तो लोखंडी खांबासारखा विकत आणता येत नाही.

४. निर्णयाची वेळ संकटाच्या कितीतरी आधी येते.

राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. ऑक्टोबरात विहीर काठोकाठ दिसते. नेमकं तेव्हाच रब्बीचं ठरवायचं असतं आणि तेव्हाच कुणाला ऐकायचं नसतं. ओरड सुरू होते मार्चमध्ये. तोवर पेरणी होऊन गेलेली असते.

५. यंत्र बदलण्यापेक्षा नियम बदलण्यात ताकद जास्त.

व्यवस्थांच्या अभ्यासक डोनेला मेडोज यांनी व्यवस्थेत बदल घडवण्याच्या जागांची एक उतरंड मांडली होती. अनुदानाचे आणि कराचे आकडे बदलणं तिच्यात अगदी खाली येतं; माहिती कुणापर्यंत पोचते, नियम कोण ठरवतं, उद्दिष्ट काय, हे वर. आपल्याकडे पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नेमकं हेच करून दाखवलं. त्यांच्या पाणी पंचायतीत जमिनीच्या मापानं पाणी मिळत नसे, घरातल्या माणसांप्रमाणे मिळे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. उसाला मनाई. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. हिवरे बाजार या गावानंही पुढे ऊस, केळी आणि शेतीसाठीचे बोअर बंद केले, पावसाचं माप घेऊन ग्रामसभेत पिकं ठरवली. चर आणि बंधारे शेकडो गावांत झाले. पण असे नियम फार थोड्या गावांनी केले.

६. शेततळं भरतं कशानं ते पाहावं.

पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरलं तर ते वरदान. बोअरनं उपसून प्लास्टिकच्या अस्तरात भरलं तर सगळ्यांचं पाणी एकाच्या कुंपणात येतं आणि उन्हानं उडून जातं.

७. सौरपंप आला, आता उपशाचं बोला.

दिवसा वीज मिळाली, रात्रीचं जागरण गेलं, घरच्या बाईचा जीव टांगणीला लागायचा तो सुटला. याचं मोल मी अजिबात कमी लेखत नाही. पण सौरपंपाला बिल नाही. ऊन आहे तोवर पंप चालवायला कुणाची आडकाठी नाही, आणि खालचं पाणी तेवढंच आहे. म्हणून पंपांचे अर्ज भरतानाच कुणी किती तास उपसायचं हे ग्रामसभेत लिहून घ्या, असा आग्रह मी धरते. काही गावांनी ते मान्य केलंय. बाकीच्या ठिकाणी बोलणी सुरू आहेत.