आतड्याचा दाह आणि रुग्णशय्येपाशी सोनोग्राफी

पोटात वारंवार येणाऱ्या कळा, शौचावाटे पडणारे रक्त, अतिसार आणि घटत चाललेले वजन ही लक्षणे महिनोन्‌महिने टिकली, तर मूळव्याध समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे दोन प्रमुख विकार. पुष्कळदा ऐन तारुण्यात जडणारे हे विकार औषधांनी आटोक्यात राहतात, समूळ जात नाहीत.

रुग्णाला बरे वाटणे आणि दाह शमणे या मात्र दोन भिन्न गोष्टी होत. कळा थांबल्या की रुग्ण औषध सोडतो. आत दाह धुमसतच असतो आणि एखाद्या दिवशी आतडे अरुंद होऊन शस्त्रक्रियेची वेळ येते. गुदमार्गाने दुर्बीण घालून पाहिल्यास खरी स्थिती कळते. परंतु त्यासाठी रेचक घेऊन आतडे रिकामे करावे लागते. दर भेटीला हे कोण करून घेणार?

येथे सोनोग्राफी उपयोगी पडते. पोटविकारतज्ज्ञ तपासणीच्या खोलीतच पोटावर यंत्राचा शोधक फिरवून आतड्याच्या भिंतीची जाडी मोजतात. सामान्यतः ती ३ मिलिमीटरपर्यंत असते. त्याहून अधिक जाडी आणि भिंतीतील वाढलेला रक्तप्रवाह ही दाहाची चिन्हे होत. दुर्बिणीला केवळ आतले अस्तर दिसते, सोनोग्राफीत भिंतीचे सर्व थर आणि बाहेरचे गळूही दिसू शकते. क्ष-किरणांचा संबंध नसल्याने मुले व गर्भवती यांचीही तपासणी पुनःपुन्हा करता येते. औषध लागू पडले किंवा नाही, हे मागील मापाशी ताडून त्याच भेटीत ठरविता येते. जर्मनीत ही पद्धत चांगलीच रुळली आहे.

तथापि, गुदाशय पोटावरून नीट दिसत नाही, स्थूल व्यक्तीत चित्र अस्पष्ट येते आणि तपासणाऱ्याचा हात सरावलेला असावा लागतो. शिवाय आपल्या देशात आतड्याचा क्षय क्रोन्ससारखाच दिसतो. क्षय असताना दाहशामक स्टेरॉइड दिल्यास तो बळावतो; म्हणून प्रथम निदानासाठी दुर्बिणीने तुकडा काढून तपासणे टळत नाही.

गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आवश्यक असते. रुग्णशय्येपाशी नेण्याचे लहान यंत्रही त्यातून सुटत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र सोनोग्राफी म्हणजे गर्भाचीच तपासणी, या समजापायी पुरुष रुग्ण चिठ्ठी हाती घेऊन संकोचतात. त्यांना दोन शब्द समजावून सांगणे गावातील शिक्षकांना व पंचायत सदस्यांना सहज शक्य आहे. वर्गातून वारंवार बाहेर जाऊ मागणाऱ्या, अंगाने खंगलेल्या विद्यार्थ्यालाही रागे न भरता डॉक्टरांकडे पाठवावे.