मोजता येतं, पण कोणत्या भाषेत? – 'अ', 'ॲन', 'द' शिकवताना



तिसरी-चौथीपासून पुढे इंग्रजीच्या वह्या तपासताना दोन वाक्यं हमखास भेटतात. एक, "आय हॅव पेन." दुसरं, "गिव्ह मी अ वॉटर." पहिल्यात उपपद राहून गेलं, दुसऱ्यात नको तिथे आलं. आपण लाल गोल करतो आणि फळ्यावर नियम लिहितो : मोजता येणाऱ्या एकवचनी नामाआधी 'अ' किंवा 'ॲन', न मोजता येणाऱ्या नामाआधी नाही. मुलं नियम पाठ करतात. पुढच्या आठवड्यात चुका पुन्हा तिथेच!

असं का होतं? मुलं नियम विसरत नाहीत. ती तो मराठीतून वापरतात. "मोजता येतं का?" असं विचारलं की मूल मनात मराठीत मोजतं. आणि मराठीत जे मोजता येतं ते सगळंच इंग्रजीत मोजता येतं असं नाही. आजचा पाठ याच मुद्द्यावर आहे.

आधी 'अ' म्हणजे काय ते सांगा

मराठीत उपपदं नाहीत. "माझ्याकडे पेन आहे" हे वाक्य पूर्ण आहे, त्यात काही कमी वाटत नाही. म्हणून "आय हॅव पेन" हे मुलाच्या कानाला बरोबरच लागतं. तिथे 'अ' का हवा, हे आधी पटवून द्यावं लागतं.

एक गोष्ट सांगितली की मुलांना ते पटकन पटतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'आन' असा शब्द होता, त्याचा अर्थ 'एक'. त्याच शब्दापासून आजचा 'वन' आला आणि 'ॲन'सुद्धा आला. पुढे व्यंजनाआधी त्यातला 'न' गळाला आणि 'अ' उरला. म्हणजे 'अ' हा 'एक'चाच झिजलेला भाऊ! मग मुलांना विचारा, "एक पाणी" म्हणतो का आपण? "एक मीठ"? नाही ना? मग "अ वॉटर", "अ सॉल्ट" कसं चालेल?

तीन घरं

फळ्यावर तीन घरं आखा आणि प्रत्येक नाम एका घरात बसवा.

१) एकवचनी, मोजता येणारं : पेन, मँगो, डॉग. हे नाम उघड्या डोक्यानं बाहेर पडत नाही. त्याला टोपी लागतेच. 'अ', 'ॲन', 'द', 'माय', 'धिस', यांपैकी कोणतीही एक टोपी चालेल. "आय हॅव अ पेन." "धिस इज माय पेन."

२) अनेकवचनी : पेन्स, मँगोज, डॉग्ज. इथे 'एक'चा भाऊ येऊच शकत नाही. "आय लाइक मँगोज." काही थोडे सांगायचे असतील तर 'सम', ठरावीक सांगायचे असतील तर 'द'.

३) न मोजता येणारं : वॉटर, मिल्क, राइस. इथेही 'अ' नाही. "आय लाइक मिल्क." "आय वॉन्ट सम मिल्क." "द मिल्क इन धिस ग्लास इज हॉट."

'द' तिन्ही घरांत जातो हे मुलांच्या लक्षात आणून द्या. तो 'एक' सांगत नाही, तो 'तोच, तीच, तेच' सांगतो.

"आय गो टू स्कूल", "बाय बस" अशा काही ठरलेल्या शब्दजोड्यांत एकवचनी नाम टोपीशिवाय येतं. त्या नियमात बसवायचा प्रयत्न करू नका. कानाने पाठ होऊ द्या.

मराठी मोजणी कुठे फसवते?

पाणी, दूध, साखर, तेल यांत अडचण येत नाही, कारण दोन्ही भाषा इथे सारख्याच वागतात. आपली पाठ्यपुस्तकंही बहुतेक हीच उदाहरणं देतात. खरी गडबड पुढच्या शब्दांत आहे.

• पैसे : मराठीत "पैसे आहेत", इंग्रजीत "द मनी इज इन द बॅग."
• केस : मराठीत "तिचे केस लांब आहेत", इंग्रजीत "हर हेअर इज लाँग."
• तांदूळ, गहू : मराठीत "तांदूळ महाग झाले", "गहू आले". इंग्रजीत राइस आणि व्हीट दोन्ही तिसऱ्या घरात.
• पाव : आपण सरळ "दोन पाव द्या" म्हणतो. इंग्रजीत "टू ब्रेड्स" नाही, "टू स्लाइसेस ऑफ ब्रेड" किंवा "अ लोफ ऑफ ब्रेड."
• साबण : "एक साबण", पण "अ बार ऑफ सोप."
• खडू : "एक खडू आण", पण "ब्रिंग अ पीस ऑफ चॉक." वर्गात हा शब्द रोज लागतो, म्हणून इथे आपणच आधी जपायला हवं.
• बातमी : "दोन बातम्या", पण न्यूज तिसऱ्या घरात. शेवटी 'एस' हे अक्षर असलं तरी "द न्यूज इज गुड."
• सल्ला, काम, गृहपाठ : "दोन कामं" चालतं, पण ॲडव्हाइस, वर्क, होमवर्क यांना 'अ' लागत नाही आणि अनेकवचनही होत नाही.

आता सांगा, "आय हॅव टू ब्रेड्स" लिहिणारं मूल बेफिकीर आहे का? मुळीच नाही. त्याने डोळ्यासमोरचे दोन पाव मोजले आणि आपण शिकवलेला नियम इमानदारीने लावला. अशा मुलाला "एवढं साधं कळत नाही?" असं म्हटलं, तर ते एवढंच शिकतं की इंग्रजीत विचार करून उपयोग नाही, गप्प बसावं. मग त्याचे परीक्षेतले गुण जातातच, आणि त्याहून वाईट म्हणजे ते बोलायचंच बंद होतं.

म्हणून प्रश्न बदला. "मोजता येतं का?" याऐवजी विचारा, "इंग्रजी याच्याआधी सरळ वन, टू, थ्री लावते का?" आणि चूक दाखवताना दोन्ही भाषा शेजारी ठेवा : "मराठीत तू बरोबर आहेस. इंग्रजी मात्र पाव मोजत नाही, पावाचे काप मोजते."

मराठीतलं 'भर' कामाला लावा

"अ पीस ऑफ", "अ कप ऑफ" ही रचना मुलांना परकी वाटते. पण तिची बहीण आपल्या घरातच आहे. आपण "एक मीठ" म्हणत नाही, "चिमूटभर मीठ" म्हणतो. ते झालं "अ पिंच ऑफ सॉल्ट." मूठभर तांदूळ म्हणजे "अ हँडफुल ऑफ राइस." चमचाभर साखर म्हणजे "अ स्पूनफुल ऑफ शुगर." 'अ' इथे मिठाला लागत नाही, चिमटीला लागतो. हे एकदा समजलं की मूल न मोजता येणारी कोणतीही वस्तू माप लावून मोजू शकतं.

पालकांनो, हा भाग घरी स्वयंपाकघरात उत्तम होतो. स्वयंपाक करताना मुलाला विचारा : ताट कोणत्या घरात? वाटी? तूप? पीठ? कांदा? रोज पाच वस्तू पुरेत, वही-पेन नको. कांद्याला "ॲन अनियन" म्हणाला की शाबासकी द्या.

'अ' की 'ॲन'? देवनागरी मदतीला

स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर बघायला सांगितलं की मुलं फसतात. आपल्या मुलांकडे मात्र एक हुकमी साधन आहे. शब्द देवनागरीत लिहायला सांगा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. युनिफॉर्म 'य'ने सुरू होतो, म्हणून "अ युनिफॉर्म." अवर 'अ'ने सुरू होतो, म्हणून "ॲन अवर." एमएलए 'ए'ने, म्हणून "ॲन एमएलए."

एका गोष्टीत सगळा पाठ

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ती अशा छोट्या वाक्यांत सांगा :

"देअर वॉज अ क्रो. द क्रो वॉज थर्स्टी. इट सॉ अ पॉट. देअर वॉज सम वॉटर इन द पॉट. द क्रो ड्रॉप्ड पेबल्स इन द पॉट. द वॉटर केम अप."

आता मुलांनाच शोधू द्या. कावळा पहिल्यांदा आला तेव्हा 'अ', ओळख झाल्यावर 'द'. मडक्याचंही तसंच. पाणी पहिल्यांदा आलं तेव्हा 'अ' नाही, 'सम'. पण ओळख झाल्यावर पाण्यालाही 'द' मिळाला. खडे अनेक, म्हणून तिथे काहीच नाही. मराठीतही आपण "एक कावळा होता" असं सुरू करून पुढे "तो कावळा" म्हणतो, त्यामुळे हा क्रम मुलांना ओळखीचा वाटतो.

थोडं पुढच्या वर्गांसाठी

काही शब्दांना दोन घरं असतात. "आय लाइक चिकन" म्हणजे ताटातलं, "आय सॉ अ चिकन" म्हणजे अंगणातली कोंबडी. ग्लास म्हणजे काच, "अ ग्लास" म्हणजे पेला. पेपर म्हणजे कागद, "अ पेपर" म्हणजे वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका. लांब केस म्हणजे "लाँग हेअर", पण वरणात सापडला तर "अ हेअर"! वर्ग हसतो आणि फरक लक्षात राहतो.

सराव (रिकाम्या जागी अ, ॲन, द किंवा सम)

१) आय हॅव ___ अंब्रेला.
२) आय ॲम थर्स्टी. गिव्ह मी ___ वॉटर, प्लीज.
३) देअर वॉज ___ डॉग. ___ डॉग वॉज ब्लॅक.
४) माय फादर बॉट ___ बार ऑफ सोप.
५) अवर टीचर गेव्ह अस ___ गुड ॲडव्हाइस.
६) शी हॅज ___ न्यू युनिफॉर्म.
७) ___ टी इन धिस कप इज कोल्ड.

उत्तरे : १) ॲन २) सम ३) अ, द ४) अ ५) सम ६) अ ७) द

पाचव्या प्रश्नात बरीच मुलं 'अ' लिहितील. लाल गोल करण्याआधी "का लिहिलंस?" एवढं जरूर विचारा. "एक सल्ला दिला म्हणून" असं उत्तर आलं तर समजा, मूल विचार करतंय. आता फक्त इंग्रजीची मोजणी वेगळी आहे एवढंच त्याला दाखवायचं राहिलं.

तुमच्या वर्गात मराठी मोजणीने फसवलेले आणखी शब्द सापडले तर वर्गातल्या भिंतीवर त्यांची यादी लावा. दर आठवड्याला तिच्यात एक शब्द मुलांनीच वाढवावा.