भिंत पाहून स्क्रू

बेंगळुरूच्या जयनगर या नियोजित वसाहतीचा पाया १९४८ साली घातला गेला. तेथील एका जुन्या घरात माझ्या थोरल्या बहिणीचे बिऱ्हाड आहे. तळमजला जाड विटांचा. काही वर्षांपूर्वी वर मजला चढविला, तो मात्र भार कमी राहावा म्हणून एएसी या हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांचा. सुताराने खालच्या दिवाणखान्यात पुस्तकांची फळी बसविली आणि उरलेल्या त्याच प्लग-स्क्रूंनी वरच्या खोलीतही तशीच दुसरी. खालची आजही जागेवर आहे. वरची तीन आठवड्यांनी, एका रात्री, पुस्तकांसह नातवाच्या पलंगावर कोसळली. सुदैवाने नातू त्या रात्री आजीजवळ झोपला होता. सकाळी पाहिले तो स्क्रू शाबूत, प्लगही शाबूत. भिंतीतील भोके मात्र पिठासारखा भुगा होऊन रुंदावलेली.

आपण दुकानात जाऊन ‘चांगला मजबूत स्क्रू द्या’ असे म्हणतो. (जयनगरच्या दुकानात खिळ्याला ‘मोळे’ म्हणतात, तेव्हा आपल्या ‘खिळेमोळे’ या जोडशब्दाची आठवण होते.) परंतु स्क्रू क्वचितच तुटतो. स्क्रू आत शिरताना प्लग फुगतो, भोकाच्या कडांवर दाबला जातो आणि त्या घर्षणावर सारा भार तोलला जातो. कडाच ठिसूळ असतील तर दाब पेलणार कोण? ज्याला आपले कारागीर ‘रावल प्लग’ म्हणतात, त्याचे नाव कोणा रावळांवरून आलेले नाही. जॉन जोसेफ रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराने १९११ च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींना कमीत कमी इजा करून विजेची उपकरणे बसविण्यासाठी तागाच्या धाग्यांचा असा प्लग तयार केला. पुढे तागाची जागा नायलॉनने घेतली. तत्त्व तेच राहिले.

म्हणून खरेदीपूर्वी भिंतीची ओळख करून घ्यावी. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. ड्रिलमधून पडणारी भुकटी पुरेशी असते. प्रथम गिलाव्याची करडी भुकटी येईल, ती हिशेबात धरू नये. आतील गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाड असतो व तो वजन पेलत नाही. त्यानंतर लाल भुकटी आली तर वीट, करडी येऊन ड्रिल अडखळू लागले तर काँक्रीट, आणि पांढरट, हलकी भुकटी येऊन ड्रिल लोण्यात शिरावे तसे शिरले तर एएसी.

भरीव विटेत नायलॉनचा प्लग उत्तम. मात्र भोक विटेत पडावे, दोन विटांमधील सांध्यात नव्हे. ८ मिलिमीटरच्या प्लगला ८ चेच बिट वापरावे आणि भोकातील धूळ फुंकून काढावी. काँक्रीटच्या तुळईत वा खांबात जड वस्तूसाठी लोखंडी अँकर बोल्ट चालतो. तोच बोल्ट विटेच्या कडेजवळ आवळला तर वीट तडकते. एएसीमध्ये ड्रिलचा हातोडा बंद ठेवून नुसते फिरवून भोक पाडावे, या ठोकळ्यांसाठीच बनविलेले रुंद पात्यांचे प्लग घ्यावेत, आणि भार मोठा असल्यास भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी द्यावी. २५ लिटरच्या गिझरमध्ये नुसते पाणीच २५ किलो असते, हे प्लंबरला आवर्जून सांगावे. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये. बहुधा तेथूनच वायरी गेलेल्या असतात.

फळीच्या बाबतीत आणखी एक गणित आहे. ३० सेंटिमीटर रुंद फळीवर २० किलो पुस्तके सारखी पसरली, तर त्यांचा भार भिंतीपासून सरासरी १५ सेंटिमीटरवर येतो. ब्रॅकेटच्या वरच्या व खालच्या टेकूत २० सेंटिमीटर अंतर असेल तर वरच्या स्क्रूंवर मिळून सुमारे १५ किलोची ओढ येते. अंतर १० असेल तर तीच ३० किलो होते. दिसायला नाजूक, बुटके ब्रॅकेट मला म्हणूनच आवडत नाहीत.

लाकडाचे शास्त्र निराळे. सागवानात आधी बारीक भोक पाडल्याशिवाय पितळी स्क्रू पिळू नये. पितळ मऊ, डोके तुटून हाती येते. त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी घालून काढावा व मग पितळी बसवावा. न्हाणीघरात आणि विशेषतः कोकण किनाऱ्यावरील घरांत स्टेनलेस स्टीलवर थोडा अधिक खर्च करणे योग्य ठरते.

बहिणीकडे वरच्या खोलीत आता आरपार बोल्ट आहेत, ब्रॅकेटही उंच आहेत. तरीही पलंग समोरच्या भिंतीकडे हलविला आहे.