मांजरीच्या पेटीतला मका

लोहारा, यवतमाळ

चि. सोनू,

मांजरीच्या शौचाच्या पेटीसाठी मक्याचं तयार लिटर (भुगा) आणावं, की घरात पडलेला भिजका मका भरडून पेटीत टाकावा, हा तुझा प्रश्न. भरडण्याचा विचार आधी सोड.

भिजक्या मक्यावर पिवळट-हिरवी बुरशी चढते. ती अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असेल तर अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि हे विष यकृत पोखरतं. 1974 च्या अखेरीस राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात लोकांनी अवकाळी पावसात भिजलेला मका खाल्ला. 397 जण आजारी पडले, त्यांतले 106 दगावले. त्याच घरांत जेवणारी कुत्रीही मेली. अमेरिकेतही 2005 आणि 2020 साली या विषानं दूषित खाद्य खाऊन कुत्री मेली आणि कंपन्यांना माल परत मागवावा लागला.

मका भाजला, उकळला तर बुरशी मरते, पण विष उरतं. चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकतं. खात्री प्रयोगशाळेतच होते.

यवतमाळकडे मक्यापेक्षा कापूस मोठा, पण सरकीच्या ढेपेलाही हीच बुरशी लागते. अशी ढेप गाईम्हशींनी खाल्ली की विषाचा अंश दुधात उतरतो. 2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात 6,432 पैकी 368 नमुन्यांत तो मर्यादेपेक्षा जास्त निघाला. म्हणून ढेपेचं पोतं फळीवर, भिंतीपासून लांब ठेवायचं. लिटरच्या पिशवीलाही तोच नियम.

मांजर लिटर खात नाही, त्यामुळे खाद्याइतका धोका त्यात नाही. पण ती पंजे चाटते आणि पिल्लं तर दिसेल ते तोंडात घालतात. भारतात माणसांच्या धान्यात किलोमागे 15 मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिनची मर्यादा आहे, अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या खाद्यात 20. या मर्यादा खाण्याच्या मालाच्या आहेत. तेव्हा लिटर घेताना कच्च्या मक्याची तपासणी होते का, हे कंपनीला लिहून विचार.

पिशवी फोडली की लिटर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भर. ओले गोळे रोजच्या रोज काढ. कुबट वास आला किंवा जाळी धरली, तर सगळी पेटी रिकामी करून धू आणि पुरती वाळव. पिल्लं लहान असेपर्यंत मक्याचं लिटर नकोच.

मांजरीनं खाणं सोडलं, उलट्या झाल्या, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे ने. सोबत खाद्याचा आणि लिटरचा नमुना घे.

आणि तो भिजका मका कोंबड्यांपुढेही टाकू नकोस. 1960 साली इंग्लंडात बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड खाऊन लाखाहून जास्त टर्की मेल्या. या विषाचा शोध त्यातूनच लागला. खड्डा खणून तो मका पुरून टाक.

तुझा
मामा